पर्णरंध्रे आणि हवेतील वाढता कार्बन डाय-ऑक्साइड

पानाच्या अपित्वचेवर म्हणजे सर्वांत बाहेरच्या थरावर, बहुधा खालच्या बाजूस, असणाऱ्या सूक्ष्म छिद्रांना पर्णरंध्रे म्हणतात. प्रत्येक छिद्राच्या दोन अंगांना एकेक रक्षक पेशी असते. त्या पाण्याने फुगल्या की रंध्र उघडते, सैलावल्या की मिटते. कार्बन डाय-ऑक्साइड आत घ्यायचा तर वाफेच्या रूपाने पाणी दवडावेच लागते. हवेत हा वायू वाढला की रंध्र थोडे कमी उघडूनही वनस्पतीचे भागते.

हे मिटणे काही मिनिटांत घडते. रक्षक पेशीत शिरलेल्या वायूपासून बायकार्बोनेट बनते आणि त्यातून सुरू होणाऱ्या संदेशसाखळीमुळे पेशीपटलातील ऋण आयनांच्या (ऋण विद्युतभार असलेल्या कणांच्या) वाहिन्या उघडतात. क्लोराइड व मॅलेट हे ऋण आयन आणि पाठोपाठ पोटॅशियम बाहेर पडते, मागोमाग पाणीही जाते.

दुसरा बदल संथ, पण अधिक लक्षवेधी आहे: नव्या पानांवर रंध्रेच कमी येतात. वनस्पतिशास्त्रज्ञ एफ. आय. वुडवर्ड यांनी १९८७ मध्ये केंब्रिजच्या वनस्पतिसंग्रहातील वाळवलेली पाने तपासली, तेव्हा सुमारे दोनशे वर्षांत रंध्रांची घनता ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेला वायू तोवर ३४० च्या पुढे गेला होता. आज तो ४२० च्या वर आहे. अशी मोजणी करायला फारसे काही लागत नाही. पानावर पारदर्शक नेलपॉलिशचा थर वाळवून चिकटपट्टीने सोलला की सूक्ष्मदर्शकाखाली रंध्रांचा ठसा स्वच्छ दिसतो. मात्र नुसती घनता फसवी ठरते, कारण पान मोठे झाले की रंध्रे विरळ दिसतात. म्हणून एकूण पेशींमध्ये रंध्रांचे प्रमाण किती, हा वनस्पतिशास्त्रज्ञ सॉल्सबरी यांनी १९२७ मध्ये मांडलेला निर्देशांक वापरतात. गिंकोसारख्या वृक्षांच्या जीवाश्म पानांवरून प्राचीन हवेचा अंदाज बांधतात तो याच आधारावर. सर्वच जाती असा प्रतिसाद देत नाहीत; काहींत घनता जवळपास बदलत नाही, त्यामुळे एकाच जातीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे.

ज्वारी, मका, ऊस यांच्या पानांत हा वायू मुळातच एकवटला जातो. त्यामुळे त्यांच्या प्रकाशसंश्लेषणाला वाढीव वायूचा लाभ थोडाच. पण रंध्रे आखडल्याने पाणी वाचते व अवर्षणात ते उपयोगी पडते. बाष्पोच्छ्वास घटल्याने पान मात्र अधिक तापते.