लिलिपॉन्डमधील इव्हेंटकॉर्ड आवरण

लिलिपॉन्ड या मुक्त स्वरलिपी-मुद्रण प्रणालीत पूर्वी प्रत्येक सुट्या स्वराभोवती आपोआप चढणारे अंतर्गत वेष्टन. २०१२ साली आलेल्या २.१६ या आवृत्तीपासून ते चढत नाही.

हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या या प्रणालीत संगीत साध्या मजकुरासारखे टाइप करतात. प्रोग्राम त्यातून एक वृक्ष, म्हणजे फांद्यांसारखी विभागत जाणारी रचना, बांधतो आणि त्यावरून स्टाफ नोटेशनची (पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीची) पृष्ठे जुळवतो. या वृक्षाचे पान, म्हणजे टोकाचा सुटा घटक, नेमके कशाला म्हणायचे, हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण वापरणारे लोक स्कीम या प्रोग्रामिंग भाषेत जी फंक्शने लिहितात, ती सगळी त्याच्या उत्तरावर उभी असतात.

जुने उत्तर होते: एका क्षणी जे जे घडते त्याचा गठ्ठा. कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक स्वर) असो, एकटा स्वर असो की नुसता विराम, सगळे इव्हेंटकॉर्ड नावाच्या पेटीत जात. ‘सी’ या स्वराची क्वार्टर नोट फोर्टेच्या (जोरात वाजवण्याच्या) खुणेसह लिहिली, तर पेटीतल्या यादीत स्वर आणि फोर्टे शेजारी शेजारी, समान दर्जाने बसत. स्वराची उंची बदलायची असली तरी आधी पेटी उघडा, यादी चाळा, त्यातला स्वर हुडका. एकट्या स्वराला एका स्वराची कॉर्ड मानणे ही संगीताची गरज नव्हतीच. ती प्रोग्रामची सोय होती.

आता तो स्वर थेट नोटइव्हेंट म्हणून उभा राहतो आणि फोर्टे त्याच्याच ‘आर्टिक्युलेशन्स’ या गुणधर्मात नोंदला जातो. आतली मांडणी छापून दाखवणारी डिस्प्लेम्युझिक ही आज्ञा दिली की हे डोळ्यांनी पाहता येते. मधल्या ‘सी’साठी सप्तक ०, स्वरक्रमांक ०, कालावधीसाठी २, कारण २ चा वर्ग ४ आणि क्वार्टर नोट म्हणजे पूर्ण स्वराचा चौथा हिस्सा. वादक जसा विचार करतो तशीच ही मांडणी आहे, आणि या बदलाचे खरे मोल मला त्यातच दिसते.

पेटी काढल्यावर तिचे काम कोणी तरी करायला हवेच. स्वराला चिकटलेल्या खुणा ज्याच्या त्याच्या एन्ग्रेव्हरपर्यंत (ती खूण पानावर उमटवणाऱ्या भागापर्यंत) पोचवण्याची जबाबदारी स्वरासाठीच्या नव्या इटरेटरवर, म्हणजे वृक्ष क्रमाने वाचत जाणाऱ्या भागावर, आली. जुन्या पद्धतीच्या फंक्शनांसाठी पुन्हा वेष्टन चढवून देणारे एक फंक्शनही ठेवले आहे.

इव्हेंटकॉर्ड खऱ्या कॉर्डसाठी टिकून आहे. मागची कॉर्ड पुन्हा वाजवायला सांगणारे ‘क्यू’ हे अक्षर टाइप केले, की फक्त कालावधी असलेला रिकामा इव्हेंटकॉर्ड तयार होतो. त्यात स्वर नंतर भरले जातात.