हाउसकीपिंग आणि डीप क्लीनिंग: फोर्टातल्या जुन्या ऑफिसात दोन्ही एक नव्हेत

मुंबईच्या फोर्टात ऑफिस घेतलं की सफाईच्या कोटेशनमध्ये हमखास दोन ओळी असतात: हाउसकीपिंग दरमहा, डीप क्लीनिंग एकरकमी. बहुतेकांना वाटतं, दुसरी म्हणजे पहिलीच, जरा जोर लावून केलेली. परळच्या नव्या टॉवरमध्ये असं समजून चालूनही जातं. हॉर्निमन सर्कलच्या किंवा ब्रिटिश वास्तुविशारद जॉर्ज विटेटने आखलेल्या बेलार्ड इस्टेटच्या जुन्या इमारतींत ते महागात पडू शकतं.

हाउसकीपिंग म्हणजे आजची धूळ आजच काढणं. केर, लादी, टेबलं, टॉयलेट, कचरा. नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून खर्च कमी करताना पहिली कात्री यालाच लागते: दोन माणसांच्या जागी एक, सकाळ-संध्याकाळच्या जागी फक्त सकाळ. जुन्या लादीची सगळ्यात जास्त झीज होते ती मात्र चपलांबरोबर आत येणाऱ्या बारीक रेतीने. आधी कोरडा मॉप न फिरवता ओलं फडकं मारलं, तर तीच रेती फरशीभर घासली जाते. दाराशी चांगलं लांब पायपुसणं टाका, कोरडा मॉप रोज फिरू द्या. सागवानी जिन्यावर तर बादली नकोच. घट्ट पिळलेलं फडकं पुरे.

डीप क्लीनिंगमध्ये साचून घट्ट बसलेला मळ काढायचा असतो. त्यासाठी मशीन, ब्रश आणि रसायनं येतात, आणि मळाबरोबर पृष्ठभागही थोडा निघण्याचा धोका येतो. म्हणूनच खाली काय आहे ते आधी ओळखावं लागतं. मिंटन या इंग्लिश कंपनीची नक्षीदार लादी भट्टीत भाजलेली असते आणि नक्षी रंगीत मातीचीच, आतपर्यंत भरलेली. रंगीत सिमेंटची लादी लांबून तशीच दिसते, पण ती भाजलेली नसते. दाबून बनवलेली, रंगाचा थर वरचे काही मिलिमीटर. ‘अ‍ॅसिड मारून देतो, लख्ख होईल’ म्हणणारा सुपरवायझर या दोघींत फरक करत नाही. सिमेंट आणि संगमरवर दोन्ही अ‍ॅसिडमध्ये विरघळतात. पहिल्या दिवशी फरशी खरंच उजळ दिसते, पण वरचा थर खाल्ला गेल्यामुळे ती खरखरीत होते, मळ धरते आणि पुन्हा लवकर काळवंडते. मग पुन्हा डीप क्लीनिंग! मिंटनची लादी स्वतः अ‍ॅसिडला बऱ्यापैकी दाद देत नाही, तिचे सांधे मात्र जातात.

तेव्हा कंत्राटदाराला भाव विचारण्याआधी रसायनाचं नाव आणि त्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्कली आहे तो आकडा, विचारा. सातच्या आसपास असेल तर ठीक. मशीनला काळं पॅड लावणार असेल तर थांबवा, ते जुनं पॉलिश खरवडून काढण्यासाठी असतं. कपाटाखालच्या एखाद्या लादीवर आधी करून दाखवायला सांगा आणि पूर्ण सुकल्यावर बघा, ओली लादी नेहमीच छान दिसते.

माझं मत विचाराल तर इथे पहिल्या ओळीवर सढळ हाताने खर्च करावा आणि दुसरीवर कंजुषी. डीप क्लीनिंग लागतंच, अशाही जागा आहेत: पावसाळ्यानंतर शेवाळ धरलेला मागचा जिना, पँट्रीची चिकट चिमणी, कबुतरांनी भरलेले सज्जे. सज्जे साफ करणाऱ्याला मास्क द्या आणि वाळलेली घाण आधी भिजवू द्या. कोरडी खरवडली की तिची धूळ थेट फुप्फुसात जाते.

बाहेरच्या भिंतींचा कुर्ल्याचा काळा किंवा मालाडचा पिवळसर दगड मात्र या दोन्ही ओळींत बसत नाही. ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या इमारती २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, आणि मुंबईला १९९५ पासून स्वतःची वारसा नियमावली आहे. कोटेशनमध्ये ‘फसाड वॉश’, म्हणजे दर्शनी भिंत धुणं, अशी तिसरी ओळ दिसली तर ती खोडा आणि इमारतीच्या मालकाला संवर्धनाचं काम जाणणाऱ्या आर्किटेक्टचा नंबर मागा.