डबल-क्लिकने उघडलेलं पान आणि लोकलहोस्टवरचं पान

फाइल तीच, ब्राउझर तोच, तरी लोकलहोस्टवर पान चालतं आणि डबल-क्लिकने उघडलं की मोडतं. वेब शिकायला लागलेल्या जवळपास प्रत्येकाला हा प्रश्न पडतो आणि त्याला ठरलेलं उत्तर मिळतं: "कॉर्सचा प्रॉब्लेम आहे, सर्व्हरवर हेडर लाव." कॉर्स म्हणजे एका ठिकाणच्या पानाला दुसऱ्या ठिकाणची फाइल वाचता येईल का, हे ठरवणारे ब्राउझरचे नियम; हेडर म्हणजे सर्व्हरने उत्तरासोबत पाठवलेली सूचना. हा सल्ला थांबायला हवा. हेडर पाठवायला आधी सर्व्हर लागतो, आणि डबल-क्लिक करून उघडलेल्या पानामागे सर्व्हरच नसतो.

डबल-क्लिक सगळ्यांना येतं. अ‍ॅड्रेस बारमध्ये 'फाइल:'ने सुरू होणारा पत्ता दिसतो, म्हणजे ब्राउझर स्वतः डिस्कवरून फाइल वाचतोय. लोकलहोस्टवर मात्र तुमच्याच मशीनवरचा एक छोटा प्रोग्रॅम ती फाइल वाचतो आणि एचटीटीपीने ब्राउझरच्या हाती देतो. मजकुरात एका अक्षराचाही फरक नसतो. फरक पडतो तो ओरिजिनमध्ये, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते.

ओरिजिन म्हणजे स्कीम (पत्त्याच्या सुरुवातीचं 'एचटीटीपी' किंवा 'फाइल'), होस्ट (मशीनचं नाव किंवा पत्ता) आणि पोर्ट (त्या मशीनवरच्या सर्व्हरचा क्रमांक) या तिघांची जोडणी. लोकलहोस्टच्या 8000 पोर्टवरून पान, स्क्रिप्ट आणि जेसन फाइल (डेटाची साधी मजकूर-फाइल) आली, तर तिघांचं ओरिजिन एकच. त्यामुळे पानाला ती जेसन फाइल फेचने, म्हणजे जावास्क्रिप्टमधून फाइल मागवायच्या फंक्शनने, वाचता येते. 'फाइल:'च्या पत्त्यात एरवी होस्ट नसतो आणि पोर्टही नसतो. मग कोण कोणाचं, हे ब्राउझरने ठरवायचं कशावरून? आजचे ब्राउझर प्रत्येक फाइलला वेगळं, कोणाशीच न जुळणारं ओरिजिन देतात. दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये शेजारी-शेजारी असल्या तरी एकमेकींना परक्याच. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (जिथे कोडचे एरर दिसतात) ओरिजिन 'नल' असल्याचा जो लाल एरर येतो, त्याचा अर्थ एवढाच.

गोंधळ वाढतो तो पान अर्धवट चालतं म्हणून. चित्रं दिसतात, सीएसएस लागतं, साधा स्क्रिप्ट टॅगही चालतो, कारण या गोष्टी कुठूनही आणून पानात बसवायला ब्राउझरने पहिल्यापासून मुभा दिलेली आहे. पण त्याच स्क्रिप्ट टॅगला 'मॉड्यूल' हा टाइप दिला की ती फाइल कॉर्सचे नियम लावूनच आणली जाते आणि 'फाइल:'वर अडते. फेचचंही तसंच. कॅनव्हासवर, म्हणजे कोडने चित्र काढायच्या पानातल्या जागेवर, काढलेलं चित्र डोळ्यांना दिसतं, पण त्याचे पिक्सेल वाचायला गेलात की नकार. मग माणूस स्वतःच्या अगदी बरोबर असलेल्या कोडमध्ये चूक शोधत बसतो.

हा कडकपणा उगाच नाही. जुलै 2019 मध्ये आलेल्या 68व्या आवृत्तीआधी फायरफॉक्स उदार होता. सेव्ह केलेलं पान उघडलं, तर त्याला त्याच फोल्डरमधल्या आणि आतल्या फोल्डरांमधल्या फाइली वाचता येत, फक्त नावं माहीत हवीत किंवा ओळखता यायला हवीत. डाउनलोड्समध्ये तुमची बँक स्टेटमेंट्स असतात आणि कोणीतरी मेलने पाठवलेली एचटीएमएल फाइलही तिथेच उतरते. ती उघडली की शेजारच्या फाइली वाचून बाहेर पाठवता येत होत्या. 68मध्ये ते दार बंद झालं. म्हणूनच 'क्रोमची वेब सिक्युरिटी बंद करून उघड' असं कोणी शिकवलं की मला राग येतो. सर्व्हर सुरू करायची एक कमांड वाचवण्यासाठी नवख्या माणसाला ब्राउझरचं संरक्षण काढून टाकायची सवय लावायची नसते.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. स्लॅशने सुरू होणारा पाथ सर्व्हरवर दिलेल्या फोल्डरपासून मोजला जातो, 'फाइल:'वर थेट डिस्कच्या मुळापासून. सर्व्हिस वर्कर (पानामागे वेगळी चालणारी स्क्रिप्ट) लोकलहोस्टवर एचटीटीपीएसशिवायही चालतो, 'फाइल:'वर चालतच नाही.

सर्व्हर कुठला घ्यायचा? पीएचपीमध्ये 5.4पासून एक अंगभूत आहे. व्हीएस कोडचं लाइव्ह सर्व्हर लोकप्रिय आहे, पण पान आपोआप रिफ्रेश व्हावं म्हणून ते पानात स्वतःची स्क्रिप्ट घुसवतं. शिकताना मला ते नको वाटतं. डिस्कवर जे आहे तेच ब्राउझरला मिळायला हवं. माझी पसंती पायथन 3च्या 'एचटीटीपी डॉट सर्व्हर'ला. फक्त तो मुळात मशीनच्या सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर ऐकतो आणि इंडेक्स फाइल नसेल तर फोल्डरची यादीही दाखवतो. कॉलेजच्या किंवा कॅफेच्या वायफायवर शेजारचा माणूस त्यातली गिटची फाइल किंवा पासवर्डची एन्व्ह फाइल उघडू शकतो. म्हणून 'बाइंड' पर्याय देऊन त्याला 127.0.0.1वर, म्हणजे फक्त स्वतःच्या मशीनपुरत्या पत्त्यावर, बांधून ठेवा.

आणि ब्राउझरमध्ये पत्ता टाकताना 'लोकलहोस्ट' किंवा 127.0.0.1 यांतला एकच कायम वापरा. दोन्हीकडे तोच सर्व्हर उत्तर देत असला तरी होस्ट वेगळा, म्हणून ओरिजिन वेगळं. एकीकडे लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरमधल्या, पानाचा डेटा साठवायच्या जागेत) ठेवलेलं दुसरीकडे सापडत नाही.