बन्नीची म्हैस: नदीनं पाठ फिरवल्यावर

बडोद्यातल्या आम्हा मराठी माणसांना म्हैस म्हटली की सुरती, जाफराबादी आणि मेहसाणी आठवते. मेहसाणा तर गायकवाडांच्याच मुलखातलं, म्हणजे ती जरा जास्तच घरची. कच्छच्या बन्नी म्हशीला मात्र स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळायला २०१० उजाडलं. मालधारी, म्हणजे तिथले गुरं पाळणारे लोक, तिला पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होते. उशीर झाला तो कागदालाच.

बन्नी म्हणजे मोठ्या रणाच्या दक्षिण काठावरचं, सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचं सपाट गवताळ रान. नद्यांच्या गाळानं ‘बनलेली’ म्हणून बन्नी, असं तिकडे सांगतात. तिच्या पश्चिमेला लखपत आणि कोरी खाडी, म्हणजे सिंधूच्या त्रिभुज प्रदेशाचं पूर्वेकडचं टोक. एके काळी तिथे सिंधूचं गोडं पाणी येई, भात पिके. कच्छ आणि सिंध यांच्यातल्या १७६२च्या झाऱ्याच्या लढाईनंतर सिंधचा राज्यकर्ता गुलामशाह कल्होरा यानं वर बांध घालून ते अडवलं. पुढे १६ जून १८१९च्या भूकंपात जमिनीचा लांबच लांब पट्टा वर उचलला गेला आणि नदीची वाटच बुजत गेली. हा बंधारा माणसानं घातलेला नाही, म्हणून लोकांनी त्याला ‘अल्लाह बंध’ म्हटलं. भात गेला, गुरं राहिली.

पाऊस बरा झाला तर बन्नीत, नाही तर जिथे चारा तिथे, हा मालधाऱ्यांचा रिवाज. दुष्काळात जनावरं सिंधकडेही जात. फाळणीनं आणि १९६५च्या युद्धानं ती वाट बंद केली. एरवी म्हशी उन्हाच्या तडाख्यात चरत नाहीत. संध्याकाळी निघतात, रात्रभर रानात हिंडतात आणि पहाटे धारेच्या वेळी आपापल्या वाड्यावर हजर होतात, बहुधा गुराख्यावाचूनच. आमच्याकडे तबेल्यात दावणीला बांधलेली म्हैस बघणाऱ्याला हे खरं वाटत नाही.

१९६०च्या दशकात रणाचा खारटपणा पुढे सरकू नये म्हणून वनखात्यानं ‘गांडो बावळ’ लावला. आपण त्याला वेडी बाभूळ म्हणतो, आणि ती वागलीही तशीच. गवत मागे हटलं. तिच्या शेंगा कांकरेज गाईंना बाधायच्या, म्हशींना तेवढ्या नाही. त्यामुळे पूर्वी गाईंसाठी ओळखली जाणारी बन्नी हळूहळू म्हशींची झाली. आज तिचा जो डौल मिरवला जातो, त्यामागे ही उपटसुंभ बाभूळही आहे.

पूर्वी इथून तूप आणि मावा बाहेर जाई. दूध टिकवून लांब न्यायची सोयच नव्हती. ती डेअरीची गाडी दारात आल्यावर झाली. दुधाला भाव आला तसा जमिनीलाही आला. १९५५मध्ये संरक्षित वन ठरलेल्या या कुरणात कुंपणं घालून शेती सुरू झाली. २०२१मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ती अतिक्रमणं हटवायला सांगितलं. दाद मागायला गेले होते ते मालधारीच.