डायकर उशिरा का पळाला?

आफ्रिकेतल्या कुळाचं देवक प्राणी असलं, की 'हे लोक स्वतःला त्या प्राण्याचे वंशज मानतात' असं सर्रास लिहिलं जातं. बोट्स्वानातल्या बांग्वातो या त्स्वाना कुळाची मूळकथा नीट वाचली, तर हा समज टिकत नाही. त्यांचं देवक डायकर, एक लहानखुरं कुरंग. देवक बापाकडून मुलांना मिळतं. तो प्राणी मारायचा नाही, खायचा नाही. मात्र एक देवक असलं तरी सोयरीक अडत नाही, चुलत भावंडांचं लग्नही चालतं.

कथा अशी : क्वेना आणि न्ग्वातो हे भाऊ; न्ग्वातो हा बांग्वातोंचा मूळपुरुष. भांडण विकोपाला गेलं, न्ग्वातो पळाला आणि झुडपात दडला. क्वेनाची माणसं जवळ येताच त्याच झुडपातून डायकर उसळला. इथं माणूस असता तर हा प्राणी कधीच पळाला असता, असा हिशेब करून ती माघारी फिरली. डायकर पूर्वज नव्हे, जीव वाचवणारा. बोट्स्वानातल्या सेरोवे गावी बांग्वातोंचा राजा तिसरा खामा याच्या (मृत्यू १९२३) समाधीवर ब्राँझचा डायकर आहे.

मला या कथेत आवडतं ते प्राण्याचं अचूक निरीक्षण. डायकर खांद्याशी जेमतेम अर्धा मीटर उंच. चाहूल लागली की तो आधी दबून बसतो. शत्रू अगदी जवळ आला की उसळी मारून नागमोडी पळत दुसऱ्या झाडीत घुसतो. शत्रू किती जवळ आल्यावर पळायचं, ते 'पलायन-अंतर'. यडेनबर्ग आणि डिल या जीवशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये मांडलं, की शत्रू दिसताक्षणी प्राणी पळत नाही. थांबण्याचा धोका पळण्याच्या किमतीपेक्षा वाढला की पळतो. रंगाने लपणाऱ्या प्राण्याला ही किंमत जास्त पडते, कारण हलला की तो दिसतो. म्हणून त्याचं पलायन-अंतर कमी. आता न्ग्वातो निश्चल. अंतर घटत नाही, धोका वाढत नाही. पाठलाग करणारे मात्र थेट चालून येतात, दर पावलाला धोका वाढतो. डायकर त्यांना भिऊन उठला, आणि त्यांनी त्यावरून झुडूप रिकामं ठरवलं!

क्वेनाच्या कुळाचं, म्हणजे बक्वेनांचं, देवक मगर. ती नुसती दिसली तरी डोळे येतात, अशी समजूत मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टनने १८५७ साली नोंदवली आहे. डोळे जंतूंमुळे येतात, मगरीमुळे नाही. अशा समजुतीला 'प्राचीन विज्ञान' म्हणून मिरवू नये. डायकरच्या कथेतलं निरीक्षण मात्र कुणालाही रानात जाऊन तपासता येतं. वाऱ्याची दिशा तेवढी बघावी, कारण माणसाचा वास आला तर निश्चल बसूनही उपयोग नाही.