आई परत आल्यावर बाळ काय करतं?

नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या पाळणाघरांच्या दारात सकाळी एक ओळखीचं दृश्य असतं. वर्षाचं मूल आईच्या ओढणीला लटकलेलं, आई रडवेली, आणि सोबतच्या आजीचा शेरा: "कडेवरची सवय लावलीस, भोग आता." शेजारचं मूल आईकडे ढुंकूनही न बघता ठोकळ्यांकडे जातं; ते 'शहाणं बाळ' ठरतं. दोन्ही निकाल घाईचे आहेत. सोडताना होणाऱ्या रडारडीवरून नात्याबद्दल फार थोडं कळतं. बघायचं ते संध्याकाळी, न्यायला गेल्यावर.

हे दाखवलं मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी, १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरला. १२ ते १८ महिन्यांचं बाळ, दोन खुर्च्या, थोडी खेळणी आणि एका बाजूने दिसणारी काच, एवढंच साहित्य. एकूण ८ प्रसंग. पहिला जेमतेम अर्ध्या-एक मिनिटाचा, बाकीचे ३-३ मिनिटांचे. आई-बाळ खेळतात. एक अनोळखी बाई येते: एक मिनिट गप्प बसते, एक मिनिट आईशी बोलते, मग बाळाजवळ सरकते. आई निघून जाते, परत येते. पुन्हा जाते, आता बाळ अगदी एकटं. आधी ती बाई येते, शेवटी आई. बाळ फारच रडलं तर प्रसंग तिथेच आवरता घ्यायचा.

खरी गंमत गुण देण्यात आहे. आई परततानाच्या दोन प्रसंगांत चार गोष्टी १ ते ७ च्या पट्टीवर मोजतात: जवळ येणं, बिलगून राहणं, चिडून ढकलणं, टाळणं. कडेवर घेतल्यावर अंग सैल पडतं की ताठतं? खाली ठेवताना बाळ पुन्हा धरतं का? नजर आईकडे जाते की मध्येच खेळण्याकडे वळते? धाय मोकलून रडलेलं बाळ आईच्या खांद्यावर निवलं आणि पुन्हा खेळायला लागलं, तर ते 'सुरक्षित' गटात. बिलगतं आणि त्याच वेळी लाथाही मारतं, ते 'विरोधी' गटात. आई आली तरी चेंडूच फिरवत बसतं, ते 'टाळणाऱ्या' गटात. हेच ते शहाणं बाळ! छातीला तारा लावून मोजलं, तर आई बाहेर असताना अशा वरून शांत बाळांचेही ठोके वाढलेले दिसतात. काही बाळं कुठल्याच साच्यात बसेनात, म्हणून मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन या संशोधकांनी पुढे चौथा, 'विस्कळीत' गट मांडला.

मात्र ही चाचणी घरी पडद्याआड लपून करायची नाही. एका बाळावर शिक्का मारायला ती बनलेलीच नाही. जपानमधल्या साप्पोरोत विरोधी बाळं जास्त निघाली. तिथली बाळं आईवेगळी क्वचितच राहत, त्यामुळे ३ मिनिटांचा एकांतही त्यांना झेपेना. पंचवटीतल्या भरल्या वाड्यात आजी-काकूंच्या कडेवर वाढलेल्या बाळाचंही तसंच होऊ शकेल. इन्स्टाग्रामवर १० प्रश्नांत 'अटॅचमेंट स्टाइल', म्हणजे जिव्हाळ्याच्या नात्याची तऱ्हा, सांगणाऱ्यांना हे कळवायला हवं. आणि पाळणाघरात रडतं म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळणाऱ्यांनाही: साधारण ८ ते १८ महिन्यांत ताटातुटीची भीती जोरात असते, दृष्टीचा संबंध नाही.

मग पाळणाघराने नातं बिघडतं का? अमेरिकेत १० ठिकाणी १,३६४ मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला गेला. १९९७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: नुसत्या पाळणाघराने १५ महिन्यांच्या बाळांचं आईशी नातं 'सुरक्षित' असण्यात फरक पडला नाही. आई बाळाच्या खुणा कमी टिपत असेल आणि त्यात पाळणाघरही सुमार असेल, तास जास्त असतील किंवा सांभाळणारे बदलत असतील, तेव्हा असुरक्षितता वाढलेली दिसली.

म्हणून पाळणाघर बघताना भिंतीवरच्या कार्टूनपेक्षा एक प्रश्न विचारा: माझ्या बाळाला रोज कोण घेणार? एकच ठरलेली ताई असावी. पहिले तीन-चार दिवस तिथेच बसा, मग अर्धा तास, मग दोन तास असं वाढवत न्या. नजर चुकवून सटकू नका; मूल पुढे दाराकडेच डोळे लावून बसतं. "येते हं" म्हणा आणि निघा, तीनदा वळून येऊ नका. न्यायला गेल्यावर फोन पर्समध्ये ठेवा, खाली बसा, बाळाला येऊ द्या. आधी पाठ फिरवली तर लगेच ओढून पापे घेऊ नका. दिवसभराचं थकलेलं असतं, मिनिटभर थांबा.

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून ४ वेळा तिथे जायची मुभा दिली. "तुम्ही येऊन गेलात की जास्तच रडतं, येऊच नका," असं काही ठिकाणी सांगतात. ते रडतंच, पण ताईने कडेवर घेतल्यावर किती वेळात निवतं, हे दारामागे थांबून एकदा घड्याळ लावून बघा.