समुद्रात न्यायला सगळे तयार, पण कमिटीत कोण? गोव्यातल्या दिव्यांग आउटडोअर कामाची पार्श्वभूमी

हल्ली गोव्यात दिव्यांगांना समुद्रात उतरवणं, कयाकमध्ये बसवणं, स्कूबा, मँग्रोव्हमधली बोट असलं सगळं कानावर येतं, आणि त्याबरोबर कोणीतरी ‘व्हॉलंटिअर म्हणून येशील का’ असंही विचारतं, आणि दोन-तीन सीझन टिकलात की ‘संस्थेच्या कमिटीवर या ना’. बऱ्याच जणांना वाटतं हे पर्पल फेस्टमुळे, म्हणजे गोव्यातल्या दिव्यांगांच्या महोत्सवामुळे सुरू झालं. फेस्टचं श्रेय आहेच, पण गोष्ट त्याच्या खूप आधीची आणि खूप लांबची आहे.

सुरुवात झाली युद्धातल्या जखमी सैनिकांपासून. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलच्या हॉस्पिटलात लुडविग गुटमन नावाचे डॉक्टर होते, 1944 पासून पाठीच्या कण्याला मार लागलेले पेशंट सांभाळायचे, आणि 29 जुलै 1948 ला, म्हणजे लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांनी 16 जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. पुढे त्यातूनच पॅरालिंपिक आलं. पण ते मैदानावरचं झालं. डोंगर, बर्फ, पाणी ही शाखा मुख्यतः अमेरिकेत वाढली. व्हिएतनाम युद्धातून पाय गमावून परतलेल्या पोरांनी 1967 मध्ये स्वतःची स्कीइंगची संघटना काढली. कोलोरॅडोत विंटर पार्कला 1970 मध्ये हॅल ओलिअरी या इन्स्ट्रक्टरने डेन्व्हरच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधल्या 23 मुलांना स्की शिकवायला घेतलं, या मुलांचे हात किंवा पाय कापलेले होते. इतक्या मुलांना शिकवायचं तर माणसं किती लागतील, ती काय पगारी आणणार? म्हणून व्हॉलंटिअर. आज जगभर या संस्था ज्या पद्धतीने चालतात ती इथेच रुजली.

मग 1981 मध्ये कॅलिफोर्नियात हँडिकॅप्ड स्कूबा असोसिएशन निघाली आणि मला यांचं डोकं फार आवडतं. त्यांनी अपंगत्वाच्या नावावरून वर्ग पाडलेच नाहीत, पाण्याखाली तुम्ही काय करू शकता एवढंच बघितलं. ए लेव्हल म्हणजे एका जोडीदाराबरोबर डाइव्ह, बी म्हणजे दोन, आणि सी म्हणजे दोन पण त्यातला एक रेस्क्यू शिकलेला. म्हणजे मदतनीसाने काय शिकलेलं असायला हवं हे नियमातच आलं, नुसता हौशी आणि मनाने चांगला असून भागत नाही.

कमिटीचा भाग मात्र सगळीकडे मागून आला. अशा संस्थेत पहिल्यांदा डॉक्टर, इन्स्ट्रक्टर आणि देणगीदार बसतात, ते साहजिकच आहे, पैसे आणि ओळखी त्यांच्याकडेच. 1972 मध्ये बर्कलीला एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या मित्रांनी दिव्यांगांनी स्वतः चालवायचं केंद्र उघडलं, आणि नंतर अमेरिकेत कायद्यानेच ठरलं की सरकारी निधी घेणाऱ्या अशा स्वावलंबन केंद्राच्या बोर्डावर निम्म्याहून जास्त माणसं दिव्यांग हवीत. स्की आणि राफ्टिंगच्या संस्थांना ही सक्ती नव्हती. त्यांनी ते केलं तर मनाने.

आपल्याकडे सुद्धा मूळ सैनिकांतच आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकला पोहण्याच्या 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण घेऊन आले. पण त्यावरून पोहण्याची चळवळ वगैरे काही उभी राहिली नाही, आपलं सगळं लक्ष शाळा, नोकरी, पेन्शन यावर, आणि दिव्यांगांसाठीच्या 1995 च्या कायद्याचा भरही तिथेच होता. मोकळ्या हवेत फिरणं, खेळणं हा हक्क आहे हे कागदावर आलं ते युनोच्या 2006 च्या करारातल्या कलम 30 मधून. भारताने तो 2007 ला मान्य केला आणि मग दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्यात करमणूक आणि खेळ यांना वेगळी कलमं मिळाली. 2014 मध्ये पुण्यात दिव्यांशू गणात्रांनी अॅडव्हेंचर्स बियाँड बॅरियर्स ही संस्था काढली, ते स्वतः अंध आणि पॅराग्लायडिंग करणारे. त्याच वर्षी एप्रिलपासून मोठ्या कंपन्यांना सीएसआरचे, म्हणजे नफ्यातून समाजकामाला द्यायचे, 2 टक्के लागू झाले, तोही असल्या कामाला एक आधार झाला.

गोव्यात काय होतं? पोर्तुगीज काळापासूनची प्रोवेदोरियाची, म्हणजे सरकारी मदत खात्याची आसरागृहं, मग पर्वरीची संजय स्कूल, फोंड्याकडचं लोकविश्वास प्रतिष्ठान, राज्य सरकारच्या दयानंद योजनेची पेन्शन. सगळं गरजेचंच, पण सगळं भिंतीच्या आत. 105 किलोमीटर किनारा असलेल्या राज्यात व्हीलचेअरवरची माणसं समुद्र बघायची तो कारच्या काचेतून. गंमत म्हणजे आपली फेरीबोट कधीपासून अॅक्सेसिबल आहे, गाड्यांसाठी म्हणून जो रॅम्प धक्क्यावर पडतो त्यावरून चेअर बऱ्यापैकी चढते, रायबंदरहून चोडणला पक्षी अभयारण्याच्या दारापर्यंत जाता येतं आणि पुढे पायवाटेवर अडकायला होतं. 2008 पासून किनाऱ्यावर पगारी प्रशिक्षित लाइफगार्ड आले, त्यांच्याशिवाय हे काम इथे सुरक्षितपणे झालंच नसतं. मग 6 ते 8 जानेवारी 2023 ला पणजीत पहिला पर्पल फेस्ट, दिव्यांगजन आयोग आणि समाजकल्याण खात्याचा. 2024 ला परत जानेवारीत, 2025 ला ऑक्टोबरमध्ये.

फेस्ट थोड्या दिवसांचा, वाळू वर्षभराची. चेन्नईच्या मरीना बीचवर व्हीलचेअरसाठी 263 मीटरचा लाकडी रॅम्प 27 नोव्हेंबर 2022 ला उघडला आणि डिसेंबरात मँडूस वादळाने मोडला, परत दुरुस्त करावा लागला. एकदा बांधलं आणि झालं असं किनाऱ्यावर चालत नाही, रोज बघणारी माणसं लागतात. बीचची व्हीलचेअर जवळून बघा म्हणजे कळेल, फुग्यासारखी जाड चाकं, हाताशी तरंगणारे दांडे, पण हाताने फिरवायची रिंग नाही, म्हणजे बसलेल्याला ती स्वतः चालवता येत नाही. ढकलणारा त्या खुर्चीचाच भाग. नेहमीच्या चेअरवरून तिच्यात घेताना एक जण मागून काखेखाली धरतो, एक गुडघ्यांखाली, आणि ‘एक दोन तीन’ कोण म्हणणार? ज्याला उचलतायत त्याने म्हणायचं. नवीन व्हॉलंटिअर हे हमखास विसरतो. पाय बधिर असलेल्याला दुपारची वाळू भाजतेय ते कळत नाही, हेही आधी सांगून ठेवावं लागतं.

आता कमिटी. संस्था सोसायटी म्हणून रजिस्टर करायला 1860 च्या कायद्याप्रमाणे किमान सात माणसं लागतात, आणि आपल्याकडे ती सात कोण असतात ते माहीतच आहे: एक डॉक्टर, एक निवृत्त अधिकारी, एक हॉटेलवाले, एक सीए, दोघं त्यांच्या ओळखीचे आणि एक दिव्यांग, तोही बहुतेक उपाध्यक्ष, म्हणजे सही कशावरच नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी वगैरे असलेल्यांसाठीच्या 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात जिल्ह्याच्या तीन जणांच्या समितीवरसुद्धा एक दिव्यांग व्यक्ती सक्तीची केलीय, संस्थांना तसं बंधन नाही म्हणून त्या निवांत. हिशोबाचं वर्ष 31 मार्चला संपतं, बीचचा सीझन मेपर्यंत, मग एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, येते भर पावसात, आणि हॉल मिळतो पहिल्या मजल्यावर. कोरम भरतो, पण कोणाचा?

माझं मत असं की कमिटीवर जाणाऱ्याने आधी एक पूर्ण सीझन खुर्ची ढकललेली असावी किंवा तिच्यात बसलेलं असावं. कारण तिथे ठरवायच्या गोष्टी या असतात: विमा कोणाकोणाचा, लाल झेंडा असताना रद्द करायचा अधिकार कोणाला, परीक्षेच्या महिन्यात कॉलेजची मुलं नसतात तेव्हा काय. आणि गोव्याचं खास म्हणजे किनाऱ्यावर कोणी परदेशी पाहुणा खूश होऊन युरो पुढे करतो, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी नसेल तर संस्थेला ते घेता येत नाहीत, आणि असली तरी 2020 च्या दुरुस्तीपासून पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या खात्यातच यावे लागतात. हे खजिनदाराला माहीत असून उपयोग नाही, वाळूत उभ्या असलेल्या व्हॉलंटिअरला माहीत हवं.